रानडुकरे व त्यांची पिल्ले : शिवारातील छायाचित्रण आणि त्याचा शेतकऱ्यास उपयोग

भुईमुगाचे अगर रताळ्याचे वावर एका रात्रीत नांगरल्यासारखे उकरलेले आढळले, म्हणजे रानडुकरे येऊन गेली हे शेतकरी सहज ओळखतो. परंतु जनावरे किती होती, ती कोणत्या बाजूने आली, किती वाजता आली, त्यांत पिल्ले होती किंवा काय, आणि ती खरोखर रानडुकरे होती की मोकाट सुटलेली गावडुकरे होती, या प्रश्नांची उत्तरे उकरलेल्या मातीवरून पूर्णपणे मिळत नाहीत. या उत्तरांवाचून कुंपण कोठे घालावे, राखण कोणत्या वेळी करावी आणि नुकसानभरपाईचा अर्ज कसा सिद्ध करावा, हे ठरविता येत नाही. ही माहिती मिळविण्याचे एक सोपे व सुरक्षित साधन म्हणजे छायाचित्र होय. पिल्लांचे छायाचित्र तर या कामी विशेष उपयोगी पडते. ते कसे घ्यावे, घेताना कोणती काळजी घ्यावी आणि घेतल्यावर त्याचा अर्थ कसा लावावा, याचे विवेचन या लेखात केले आहे.

पिंपरी-चिंचवड व चाकण भागातील परिस्थिती

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. त्यानंतर या पट्ट्यात कारखानदारी वाढत गेली. १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली आणि पुढे चाकणच्या माळावर मोठे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. तथापि या भागातील शेती संपलेली नाही. इंद्रायणी, भामा व भीमा या नद्यांच्या काठी ऊस, कांदा, बटाटा, भुईमूग, मका व भाजीपाला ही पिके घेतली जातात. पश्चिमेस मावळात भाताची खाचरे आहेत. एका बाजूस डोंगर व झाडोरा, दुसऱ्या बाजूस बागायत आणि मध्ये कारखाने व वस्ती, अशी येथील जमिनीची मांडणी आहे.

अशी मांडणी रानडुकरास मानवते. दिवसा दडण्यास घाणेरीची व वेड्या बाभळीची जाळी, ओढ्याकाठचे गवत किंवा उभा ऊस पुरतो. रात्री खाण्यास पीक मिळते आणि लोळण्यास ओढ्याचा चिखल असतो. ज्या पडीक जमिनीवर वा मोकळ्या भूखंडावर झुडपे माजतात, तेथेही त्यांना आसरा मिळतो. जनावर दिवसा दृष्टीस पडत नाही म्हणून ते दूरच्या डोंगरातून येते असा समज होतो. प्रत्यक्षात त्याचा मुक्काम पिकाला लागूनच असू शकतो.

या भागात आणखी एक अडचण आहे. शेतकरी कुटुंबांतील अनेक तरुण कारखान्यात पाळीने काम करतात. घरातील कर्ता पुरुष रात्रपाळीस गेला म्हणजे माळ्यावर बसून पिकाची राखण करण्यास कोणी उरत नाही. जे बसतात ते वयस्कर असतात. खेड, जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, ही गोष्टही विसरून चालणार नाही. तेव्हा माणसाने अंधारात उसाच्या कडेला बसून पाहण्यापेक्षा ते काम यंत्राकडे सोपविणे शहाणपणाचे ठरते.

प्राण्याची ओळख

आपल्याकडील रानडुक्कर अंगाने भरीव असते. त्याचा खांद्याचा भाग उंच आणि मागचा भाग उतरता दिसतो. पूर्ण वाढलेल्या नराची खांद्याशी उंची सुमारे तीन फुटांपर्यंत भरते. अंगावर काळसर, राठ केस असून मानेपासून पाठीवर ताठ केसांची आयाळ असते. नराचे खालचे सुळे बाहेर वळलेले असून त्यांची धार तीक्ष्ण असते. मादीचे सुळे लहान असतात, पण तिचा चावा व धडक तितकीच घातक ठरू शकते.

रानडुकराची दृष्टी मंद असते. परंतु घ्राणेंद्रिय अतिशय तीव्र आणि कान तिखट असतात. जमिनीखालील शेंग किंवा कंद ते वासाने हुडकते. माणसाचा वास आला तर वाऱ्याच्या दिशेवरून ते दुरूनच सावध होते. छायाचित्रण करणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आपण दिसत नाही एवढ्याने भागत नाही. आपला वास व आवाजही त्याच्यापर्यंत पोहोचता कामा नये.

माद्या व त्यांची पिल्ले कळपाने राहतात. पूर्ण वाढलेला नर बहुधा एकटा फिरतो व माजाच्या काळात कळपात येतो. म्हणून एकाच शेतात एका रात्री कळप व थोड्या वेळाने एकटा नर, असे दोन निरनिराळे पाहुणे येऊ शकतात.

रानडुक्कर की गावडुक्कर?

शहराच्या कडेला, नाल्यांच्या व कचऱ्याच्या आसपास मोकाट डुकरे हिंडतात आणि तीही शेतात शिरतात. वन विभागाकडून मिळणारी भरपाई वन्य प्राण्याने केलेल्या नुकसानीसाठी असते; मोकाट जनावराचा प्रश्न स्थानिक संस्थेकडे न्यावा लागतो. यास्तव दोहोंतील भेद स्पष्ट करणारे छायाचित्र महत्त्वाचे आहे. पुढील लक्षणे पाहावीत :

१. रानडुकराचे मुस्कट लांब व निमुळते असते. गावडुकराचे तुलनेने आखूड असते.

२. रानडुकराचे कान उभे असतात, तर गावडुकरांत ते पुष्कळदा लोंबते असतात.

३. रानडुकराची शेपटी सरळ असते. गावडुकराच्या शेपटीस बहुधा पीळ असतो.

४. रानडुकराच्या पाठीवर आयाळ ठळक दिसते. गावडुकराच्या अंगावर पांढरे किंवा मिश्र ठिपके असू शकतात.

५. रानडुकराच्या लहान पिल्लांच्या अंगावर फिकट व गडद असे लांबट पट्टे असतात.

यांपैकी एकाच लक्षणावर विसंबू नये. देशी गावडुकरेही काळी व केसाळ असतात, आणि दोहोंचा संकर होऊ शकतो. तीन-चार लक्षणे एकत्र जुळली म्हणजे निर्णय सहसा चुकत नाही.

पिल्लांवरून काय समजते?

रानडुकरीण सुमारे चार महिने, म्हणजे साधारण ११५ ते १२० दिवस गाभण असते. विण्याच्या आधी ती कळपापासून बाजूला होते आणि दाट झाडीत गवत, काटक्या व पाला गोळा करून खोपटासारखे घरटे रचते. एका वेतास बहुधा चार ते सहा पिल्ले होतात. पिल्ले वर्षातील कोणत्याही महिन्यात आढळू शकतात. तथापि पावसाळ्याच्या थोडे आधी व नंतर त्यांची संख्या अधिक असते. खरिपाची पिके ऐन भरात असतानाच कळपातील तोंडे वाढतात, हे येथे लक्षात घ्यावे.

जन्मतः पिल्लाचा रंग तपकिरी असून अंगावर पट्टे असतात. गवतातून झिरपणाऱ्या उन्हासावलीत या पट्ट्यांमुळे ते दिसेनासे होते. पहिले काही दिवस पिल्ले घरट्यातच राहतात. पुढे ती आईबरोबर हिंडू लागतात. पट्टे हळूहळू पुसट होत जाऊन साधारणपणे चार ते सहा महिन्यांत नाहीसे होतात. त्यानंतर अंग तांबूस-तपकिरी होते आणि वर्षाच्या सुमारास मोठ्या जनावराचा काळसर रंग येऊ लागतो.

म्हणजे छायाचित्रातील पट्टे हे वयाचे मापच होय. उदाहरणार्थ, सप्टेंबरच्या मध्यास टिपलेल्या पिल्लांचे पट्टे ठळक असून आकारावरून त्यांचे वय दीड महिन्याचे वाटले, तर त्यांचा जन्म ऑगस्टच्या आरंभी आणि आईचा माज एप्रिलच्या सुमारास झाला असे गणित मांडता येते. याचे तीन व्यावहारिक उपयोग आहेत. पहिला असा की, अगदी लहान पिल्ले दिसली तर कळपाचा मुक्काम जवळपास आहे हे कळते, कारण तेवढी पिल्ले लांबचा पल्ला मारीत नाहीत. दुसरा असा की, अशा वेळी कोणत्या झाडीत पाऊल टाकू नये हे समजते. तिसरा असा की, कुंपणाची खालची तार किती उंचीवर हवी हे ठरविता येते. मोठे जनावर ज्या फटीतून जाऊ शकत नाही, तीतून पिल्लू आरामात आत शिरते. आणि पिल्लू आत गेल्यावर आई कुंपण वाकवून किंवा उकरून त्याच्या मागोमाग येऊ शकते.

कॅमेरा ट्रॅप म्हणजे काय?

जनावराने स्वतःच आपले छायाचित्र घ्यावे ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी रात्रीच्या वेळी घेतलेली रानप्राण्यांची छायाचित्रे १९०६ साली प्रसिद्ध झाली. हिंदुस्थानात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यांनी जनावराच्या पायवाटेवर तार ताणून, तिला पाय लागताच प्रकाश पडावा व चित्र उमटावे अशी योजना केली आणि वाघांची छायाचित्रे घेतली. त्यांचे पुस्तक १९२७ साली निघाले. शिकारीऐवजी कॅमेरा घेऊन रानात जावे, हा त्यांचा आग्रह होता.

आजच्या कॅमेरा ट्रॅपमध्ये तारेची गरज राहिलेली नाही. त्यात एक उष्णतासंवेदक असतो. भोवतालापेक्षा निराळ्या तापमानाचे अंग समोरून हलले, की तो कॅमेऱ्यास चालना देतो. रात्री डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा प्रकाश पडतो आणि कृष्णधवल चित्र उमटते. त्यामुळे जनावर बिचकत नाही. प्रत्येक चित्रावर तारीख व वेळ छापली जाते. एप्रिल-मेच्या भर दुपारी जमीन व जनावराचे अंग यांच्या तापमानात फारसा फरक राहत नाही, त्यामुळे काही वेळा चित्र निसटते. रात्री ही अडचण येत नाही.

असा एक कॅमेरा अनेक शेतकऱ्यांस पाळीपाळीने वापरता येतो. गटशेती करणाऱ्या मंडळींनी वा शेतकरी गटाने मिळून तो घेतल्यास खर्च विभागला जातो.

कॅमेरा कोठे व कसा लावावा?

प्रथम दिवसा बांधावरून फिरून खुणा पाहाव्यात. ओल्या मातीत रानडुकराच्या दोन पुढच्या खुरांमागे दोन लहान खुरांचे ठसे बाजूस फाकलेले दिसतात. शेळी-मेंढीच्या पावलात ते सहसा उमटत नाहीत. चिखलात लोळल्याच्या जागा, जवळच्या झाडाच्या बुंध्यास घासून लागलेला चिखल, कुंपणास अडकलेले राठ केस, दाबले गेलेले गवत आणि चावून टाकलेल्या उसाच्या चोयट्या या खुणांवरून येण्याची वाट ठरवावी. साळिंदरही कंद उकरते. परंतु त्याचे गळालेले काटे सापडल्यास ओळख पटते.

वाट निश्चित झाल्यावर पुढीलप्रमाणे मांडणी करावी :

१. कॅमेरा जमिनीपासून सुमारे दीड फूट उंचीवर झाडास किंवा भक्कम खुंटास बांधावा. फार उंच बांधल्यास पिल्ले चौकटीबाहेर राहतात.

२. वाटेपासून तो दहा ते पंधरा फूट दूर असावा आणि वाटेशी तिरका ठेवावा. त्यामुळे कळप पुढून जाताना अधिक वेळ चौकटीत राहतो.

३. त्याचे तोंड शक्यतो उत्तरेस किंवा दक्षिणेस करावे. उगवता वा मावळता सूर्य समोर आल्यास चित्र खराब होते.

४. समोरचे हलणारे गवत व फांद्या तेवढ्यापुरत्या काढाव्यात. तसे न केल्यास वाऱ्याने गवत हलून शेकडो निरुपयोगी चित्रे निघतात व सेल संपतात. मात्र संपूर्ण जागा साफ करू नये. जनावर वाट बदलते.

५. तारीख व वेळ अचूक लावावी. पुराव्याच्या दृष्टीने ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे.

६. एका चाहुलीस तीन चित्रे निघतील असे ठरवावे. कळपात मादी पुढे व पिल्ले मागे असतात. एकाच चित्रात ती सर्व येत नाहीत.

७. लावून झाल्यावर गुडघे व हात टेकून त्याच्या समोरून जावे आणि चित्र उमटते किंवा नाही याची खात्री करावी. उभ्याने चालून केलेली तपासणी पिल्लांच्या उंचीस लागू पडत नाही.

८. साखळी व कुलूप लावावे. पावसाळ्यात वर पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे लहान छप्पर करावे. काचेवरील कोळ्याचे जाळे व मुंग्या प्रत्येक खेपेस झाडाव्यात.

९. कार्ड पाहण्यासाठी तीन-चार दिवसांनी, दुपारच्या वेळी जावे. रोज जाऊ नये. तेथे तंबाखू थुंकणे, विडी ओढणे टाळावे.

१०. जनावर यावे म्हणून धान्य, फळे किंवा उष्टे अन्न टाकू नये. छायाचित्र मिळेल, पण कळपास त्या शेताची चटक लागेल.

कॅमेरा स्वतःच्या शेतातच लावावा. वनजमिनीवर लावावयाचा झाल्यास वन विभागाची परवानगी घेतली पाहिजे. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील शेतरस्त्यांवरून कामगार, शाळकरी मुले व पाण्याला जाणाऱ्या स्त्रिया येत-जात असतात. कॅमेऱ्याचे तोंड पाणवठ्याकडे, वहिवाटीच्या रस्त्याकडे वा शेजाऱ्याच्या घराकडे असू नये. चुकून माणसांची चित्रे आलीच तर ती पुसून टाकावीत व कोणास पाठवू नयेत.

मोबाइलने छायाचित्र घ्यावयाचे झाल्यास

दिवसाउजेडी कळप अकस्मात दृष्टीस पडल्यास मोबाइलने चित्र घेता येते. परंतु त्यासाठी एक पाऊलही पुढे जाऊ नये. घर, गच्ची, ट्रॅक्टर किंवा उंच बांध येथूनच चित्र घ्यावे. चित्र लहान आले तरी चालते. जनावरांची संख्या व पिल्लांचे पट्टे त्यात मोजता आले म्हणजे काम झाले. रात्री मोबाइलचा प्रखर दिवा कळपावर मारू नये. दचकलेला कळप वाट फुटेल तिकडे धावतो.

पिल्ले असलेल्या मादीपासून सावध राहावे

रानडुक्कर सामान्यतः माणसास टाळते. पिल्ले बरोबर असलेली मादी मात्र याला अपवाद समजावी. पिल्लू ओरडले की आई धावून येते आणि पुष्कळदा कळपातील इतर माद्याही तिच्याबरोबर येतात. जखमी नर हाही तितकाच धोकादायक असतो. पिल्ले गोजिरवाणी दिसतात म्हणून मुले त्यांच्यामागे धावतात. त्यांना आधीच समजावून सांगावे.

• मादी व पिल्ले यांच्या मध्ये कधीही येऊ नये.

• गवताचे वा काटक्यांचे ताजे खोपट दिसल्यास तेथून आलेल्या वाटेने परतावे. ते उचकटू नये व त्याचे छायाचित्र घेण्यासाठी थांबू नये.

• बरोबर कुत्रे असल्यास ते बांधून ठेवावे. पिटाळलेले कुत्रे चवताळलेल्या मादीसह मालकाकडेच पळत येते.

• मादी कान टवकारून, केस फुलवून, फुरफुरत उभी राहिली तर पाठ न दाखविता हळूहळू मागे सरावे व तिला निघून जाण्यास वाट मोकळी ठेवावी. जवळ झाड, माळा अगर उंच चौथरा असल्यास त्याचा आश्रय घ्यावा.

• पहाटे किंवा रात्री उसाला पाणी देण्यास एकट्याने जाऊ नये. बॅटरी बाळगावी आणि बोलत किंवा काठी आपटत जावे. ही चाहूल बिबट्याच्या बाबतीतही उपयोगी पडते.

• एकटे पडलेले पिल्लू उचलून घरी आणू नये. आई बहुधा जवळच असते. पिल्लू जखमी असल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

मेलेले डुक्कर आढळल्यास दुरून छायाचित्र घ्यावे व वन आणि पशुसंवर्धन खात्यांस कळवावे. त्यास हात लावू नये. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा घातक रोग २०२० साली भारतात प्रथम आढळला. तो माणसास होत नाही, पण हातापायांस व कपड्यांस लागून पाळीव डुकरांपर्यंत पोहोचू शकतो.

छायाचित्रांचे वाचन व नोंद

छायाचित्रांची संख्या म्हणजे जनावरांची संख्या नव्हे. तेच जनावर दहा वेळा टिपले जाऊ शकते. एका चित्रात एका वेळी जास्तीत जास्त जितकी जनावरे दिसतात, तितकी तरी ती निश्चित आहेत असे समजावे.

समजा, भुईमुगाच्या एका शेतात कॅमेरा सात रात्री ठेवला. त्यांपैकी चार रात्री मिळून साठ चित्रे निघाली. सर्वांत भरलेल्या चित्रात दोन माद्या व सात पिल्ले आहेत. पिल्लांपैकी तिघांचे पट्टे ठळक व चौघांचे पुसट आहेत. दुसऱ्या एका चित्रात, कळप गेल्यावर दोन तासांनी, सुळे असलेला एकटा नर दिसतो. यावरून शेतात निदान दहा जनावरे येतात, पिल्ले दोन वेतांची आहेत आणि लहान पिल्लांमुळे मुक्काम जवळ आहे, एवढे अनुमान काढता येते. चारही रात्री कळप साडेदहा ते साडेअकराच्या दरम्यान ओढ्याकडील एकाच फटीतून आला असेल, तर रात्रभर जागण्याचे कारण उरत नाही. ती फट बुजविणे व त्या सुमारास दोघा-तिघांनी मिळून दुरून आवाज, उजेड करणे, येथून उपायास आरंभ करावा. चार-सहा दिवसांनी कॅमेरा पुन्हा लावून उपाय लागू पडला की कळपाने दुसरी वाट काढली, हे पडताळून पाहावे.

नोंदवहीत दिनांक, गट क्रमांक, पीक व त्याची अवस्था, येण्याची व जाण्याची वेळ, नर, माद्या, पट्टे असलेली पिल्ले, पट्टे नसलेली पिल्ले, येण्याची दिशा व नुकसानीचे क्षेत्र असे रकाने आखावेत. गावपातळीवरील कृषी कर्मचाऱ्यांनी दोन-चार शेतकऱ्यांच्या नोंदी एकत्र करून गावाच्या नकाशावर वाटा दाखविल्यास, एकाच्या कुंपणाने कळप शेजाऱ्याच्या वावरात ढकलला जातो किंवा काय, हेही दिसून येईल. सामुदायिक कुंपणाचा विचार करण्यास असा नकाशा फार उपयोगी पडतो. तारेचे कुंपण करताना सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर असावी आणि तिच्याखालचे गवत वेळोवेळी काढावे.

नुकसानभरपाईसाठी छायाचित्रे

नुकसान दिसताच, शेत साफ करण्यापूर्वी, पुढील क्रमाने मोबाइलने चित्रे घ्यावीत. पहिले चित्र संपूर्ण शेताचे असावे. त्यात विहीर, विजेचा खांब, डोंगर अशी कायम खूण यावी. दुसरे नुकसान झालेल्या भागाचे असावे. तिसरे उकरलेली माती व खाल्लेले पीक जवळून दाखविणारे असावे. चौथे पावलांच्या ठशाचे असून शेजारी खुरपे, काडेपेटी अगर मोजपट्टी ठेवलेली असावी. मोबाइलमध्ये ठिकाणाची नोंद करणारी सोय चालू ठेवावी. मूळ चित्रे तशीच जपून ठेवावीत, त्यांत काटछाट करू नये. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठविलेल्या चित्रात तारीख व ठिकाण यांची मूळ नोंद राहत नाही, हे ध्यानात ठेवावे.

तक्रार शक्यतो त्याच दिवशी, आणि तीन दिवस उलटू न देता, जवळच्या वन कर्मचाऱ्याकडे द्यावी व पोच घ्यावी. चाकण वनपरिक्षेत्र हे जुन्नर वनविभागात मोडते. मावळातील गावे पुणे वनविभागाकडे येतात. कोणत्या कार्यालयात जावयाचे हे आधीच माहीत करून घेतल्यास ऐन वेळी हेलपाटा पडत नाही. छायाचित्र पंचनाम्याची जागा घेत नाही. परंतु पाऊस पडून ठसे पुसले गेले तरी ते पंचांपुढे साक्ष देते. पंचनामा होईपर्यंत शेतातील खुणा शक्य तितक्या तशाच ठेवाव्यात.

कायदा व माणसाचा जीव

रानडुकरास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. २०२२ साली झालेली व १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेली दुरुस्ती विचारात घेता ते अनुसूची दोनमध्ये मोडते. उभ्या पिकास उपद्रव देणाऱ्या जनावराबाबत प्राधिकृत वन अधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याची तरतूद कायद्यात आहे. त्यांच्या लेखी परवानगीवाचून मारणे, फासे लावणे, स्फोटक गोळे ठेवणे किंवा पिल्ले पकडणे हा गुन्हा आहे. अर्ज करतानाही नोंदवही व छायाचित्रे जोडल्यास उपद्रवाचे स्वरूप अधिकाऱ्यांच्या नीट ध्यानात येते.

कुंपणात घरची वीज सोडण्याचा प्रकार तर सर्वथा त्याज्य आहे. त्या तारेस प्रथम डुकराचाच पाय लागेल असा नेम नाही. पहाटे पाणी देण्यास आलेला शेजारी, रात्रपाळीहून आडवाटेने परतणारा कामगार, चुकलेली म्हैस किंवा घरातील मूल यांचा त्यात बळी जातो. मान्यताप्राप्त सौरकुंपणात क्षणिक झटका देणारे यंत्र असते. घरची वीज सोडलेली तार व सौरकुंपण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सारांश

रानडुकरांच्या उपद्रवावर उपाय करण्यापूर्वी त्यांची संख्या, वेळ व वाट यांची माहिती असणे अगत्याचे आहे. ही माहिती कॅमेरा ट्रॅप बिनबोभाट मिळवून देतो. पिल्लांच्या पट्ट्यांवरून वय, विण्याचा काळ व मुक्कामाची जवळीक समजते आणि जनावर रानटी आहे याचाही आधार मिळतो. पिल्ले असलेल्या मादीच्या जवळ जाऊन चित्र घेण्याचे काहीच कारण नाही; जे पाहावयाचे ते दीड फूट उंचीवर बांधलेला कॅमेरा पाहतो आणि शेतकरी त्या वेळी घरी निर्धास्त झोपू शकतो. खरिपाची पेरणी आटोपताच गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावात निदान एका शेतकरी गटास हे काम प्रत्यक्ष करून दाखवावे आणि शेंग भरण्यापूर्वी, बटाटा पोसण्यापूर्वी कळपाच्या वाटा नोंदवून ठेवाव्यात. पीक उकरले गेल्यावर कॅमेऱ्यातून फक्त पुरावा मिळतो. आधी लावला तर पीकही वाचविता येते.